डेपोचा निरोप

माणिकअण्णांच्या निधनाची बातमी आमच्या पेपरात चार ओळींत आली. ती मीच पाठवली होती. 'निवृत्त बस कंट्रोलर आणि स्वयंसेवकांचे समन्वयक' असं मी लिहिलं होतं. लातूरच्या डेस्कवर कुणीतरी ते काढून 'ज्येष्ठ समाजसेवक' केलं. अण्णांना तो शब्द चालला नसता. कुणी त्यांना समाजसेवक म्हटलं की ते म्हणत, "सेवा ते लोकं करतेत. मी निस्तं गाड्या लावतो."

औरादच्या बसस्टँडवर त्यांची नोकरी झाली. गाडी आली की वहीत वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची, आणि मधल्या काळात कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषांत ती कुठं जाते हे ओरडून सांगायचं. आवाज नंतरही तसाच राहिला होता. घरात चहा सांगितला तरी शेजारच्या दुकानदाराला कळे. कुणी दारातून आत आलं की अण्णा आधी घड्याळाकडे बघत आणि मग माणसाकडे.

निवृत्तीनंतर ते एका संस्थेच्या कामाला लागले. संस्थेचं कार्यालय बिदरला, नौबादमध्ये. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन काळजी घेणं हे तिचं काम. नर्स महिन्यातून एकदा येई. बाकीचे दिवस गावोगावच्या स्वयंसेवकांनी सांभाळायचे. कूस बदलायची, जखम पुसून पट्टी बदलायची, घरच्यांना काय करायचं ते दाखवायचं. औराद तालुक्यात कोणी, कधी, कुणाकडे जायचं हे अण्णा ठरवत.

त्यासाठी त्यांनी बसस्टँडसारखीच वही केली. लांब, जाड पुठ्ठ्याची. रकानेही तेच: येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, शेरा. फक्त गाडीच्या जागी माणसाचं नाव आणि गावाच्या जागी रुग्णाचं. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द चालत. 'उशिरा' निळ्या शाईत, 'रद्द' लाल शाईत. खिशाला दोन्ही पेनं असत. लाल पेन वाळून गेलेलं होतं.

त्याचं कारण ते स्वतः सांगत. त्यांच्या नोकरीत एकदा दुपारची एक गाडी आली नाही. लोक भांडायला उठले, रद्द झाली म्हणून लिहा आणि आम्हाला मोकळं करा म्हणू लागले. अण्णांनी लिहिलं नाही. संध्याकाळी सहा चाळीसला ती गाडी चार माणसं घेऊन स्टँडात शिरली. तोवर इथले सगळे उतारू घरी गेले होते. तरी अण्णा ही गोष्ट विजयाची म्हणून सांगत. "डेपोचा निरोप आल्याबिगर गाडी रद्द करता येत न्हाई. उशिरा येऊ द्या. पर लागली पाहिजे."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो बातमीसाठी. तासभर बोलणं झालं. उठताना मी म्हणालो, "बरंय अण्णा, येतो." चौथ्या दिवशी फोन आला. गुरुवारी मला कुठल्या गावाला लावू, असं ते विचारत होते. मी म्हणालो, मी कधी नाव दिलं? ते म्हणाले, "तुमी येतो म्हणलात की." मला वाटलं चेष्टा करतात. मी कामाचं कारण सांगितलं, तेही हसले. वहीत माझं नाव एकेचाळिसाव्या क्रमांकावर होतं आणि ते तिथंच राहिलं.

नौबादला स्वयंसेवकांच्या समन्वयकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा मी बातमीसाठी त्यांच्यासोबत गेलो. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतून तीसेक माणसं आली होती. रक्तदानवाले, अंधशाळेचे, साक्षरतेचे. शिकवायला बेंगळुरूहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. चांगलं शिकवत होत्या. कन्नडमध्ये बोलत, मध्ये इंग्रजी येई, आणि कुणाचा चेहरा कोरा दिसला की थांबून पुन्हा सांगत.

पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येकाला पाच अनोळखी माणसांचे नंबर घ्यायला लावले. याला नेटवर्किंग म्हणतात, असं त्या म्हणाल्या. चहा होईपर्यंत अण्णांनी सगळ्या तीस जणांचे नंबर घेतले होते, आणि प्रत्येकापुढं तो किती वाजता पोचला तेही लिहिलं होतं. दोघांपुढं 'उशिरा' होतं. त्यातल्या एकानं ते वाचलं आणि जेवणापर्यंत तो अण्णांशी बोलला नाही.

आळंदच्या शांतक्का तिथंच भेटल्या. निवृत्त नर्स, अण्णांचंच काम त्या आपल्या तालुक्यात करत. अण्णांची वही त्यांनी मागून घेतली, चष्मा लावून पानं उलटली आणि परत देताना म्हणाल्या, "अण्णा, ह्या वहीत माणसं हायेत का निस्ते 'येतो' हायेत?" अण्णा म्हणाले, माझ्याकडे निदान वही तरी आहे. शांतक्का म्हणाल्या, "मी वही ठिवतच न्हाई. माणसाला इचारत बी न्हाई. त्याच्या बायकूला इचारते."

दुपारी मॅडमनी एक फॉर्म वाटला. स्वयंसेवक काम सोडतो तेव्हा त्याच्याशी बसून बोलायचं आणि तो भरून घ्यायचा. सोडण्याचं कारण काय, काय आवडलं नाही, पुन्हा येईल का. अण्णांनी हात वर केला. फॉर्म बरा आहे, पण हा भरायचा कुणी, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडं कुणी जातो म्हणतच नाही. जातो म्हणणं अशुभ. माणूस निघताना येतो म्हणतो.

मागून कुणीतरी म्हणालं, कन्नडमध्येही 'बर्तीनि'च म्हणतात, म्हणजे येतो. अंधशाळेचे एक मास्तर म्हणाले, आमच्या दखनीत 'आतूं', तेही तेच. एका बाईंनी तेलुगू 'वस्तानु' सांगितलं. तेही तेच. खोलीत चार भाषा होत्या आणि निघून जाण्याला एकीतही शब्द नव्हता. सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी काल आईला बर्तीनिच म्हणून निघाले, असं त्या म्हणाल्या. फॉर्म तसेच राहिले.

मग त्यांनी प्रत्येकाला विचारलं, गेल्या वर्षात तुमचे किती स्वयंसेवक गळाले. कुणी सहा म्हणालं, कुणी निम्मे. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "एकबी न्हाई." मॅडमनी पुन्हा विचारलं. अण्णांनी पुन्हा तेच सांगितलं, बसस्टँडच्या आवाजात. टाळ्या पडल्या. शांतक्का माझ्या शेजारी होत्या, त्यांनी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी समारोपाला अण्णांना एक लाकडी ढाल मिळाली. त्यावर कन्नडमध्ये शून्य गळतीबद्दल गौरव असं कोरलेलं होतं.

'औराद केंद्रात गळती शून्य' या मथळ्याची बातमी मी दिली. त्यातला आकडा मी तपासला नाही. तपासायला लांब जावं लागलं नसतं. एकेचाळीस नंबर मीच होतो.

प्रशिक्षणानंतर सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला. त्यावर सकाळी फुलं येत आणि सणाला दिवे. अण्णा रोज संध्याकाळी एक ओळ टाकत: औराद, आज फेऱ्या इतक्या झाल्या, इतक्या राहिल्या. खाली तीन-चार अंगठे येत. राहिलेल्या फेरीचं काय, असं कुणी विचारलं नाही. मीही त्या ग्रुपमध्ये होतो.

औरादपासून बसने पाऊण तासावर, हद्दीजवळच्या एका गावात गोदूबाई नावाची म्हातारी होती. लकवा मारल्यापासून पडून. बोलणं गेलेलं. मुलगा हैदराबादला कामावर, घरी सून निर्मला. म्हातारीच्या कमरेच्या खाली जखम झाली होती. शेजारच्या गावात खासगी शाळेवर शिकवणारा सुभाष हा अण्णांचा स्वयंसेवक. सोमवारी आणि गुरुवारी शाळा सुटली की तो जाई आणि पट्टी बदलत असे. सुनेला त्यानं सांगून ठेवलं होतं, पट्टीला तुम्ही हात लावू नका, मीच येऊन बदलतो. त्याचा हात चांगला होता. अण्णा त्याला वक्तशीर गाडी म्हणत.

एका बाजारच्या दिवशी निर्मला औरादला आली आणि पिशवी घेऊनच अण्णांच्या खोलीवर आली. मी तिथं चहा घेत बसलो होतो. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि मग तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"सर बिमार हायेत का?" तिनं विचारलं. "चार खेपा पाणी तापवून ठिवलाव. सर आलेच न्हाईत."

अण्णांनी वही उघडली. सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. चारही ठिकाणी सुभाषचं नाव होतं. येण्याची वेळ कोरी. शेरा, 'उशिरा'. सुभाष पंधरवड्याच्या वेळा एकदम कळवतो, म्हणून ते रकाने नंतर भरायचे ठेवलेले होते.

"मग फोन कामून केला न्हाईस?" अण्णा म्हणाले.

"येतो म्हणून गेलेत की," ती म्हणाली. "येतो म्हणलेल्या माणसाला बोलवायचं कसं?"

पट्टी बदलली का, असं अण्णांनी विचारलं. ती नाही म्हणाली. हात लावायचा नाही असं सरांनीच सांगितलं होतं.

अण्णांनी सुभाषला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे. आम्ही तिघांनीही ऐकलं.

"सुभाष, सोमवारी गेलतास का?"

"कुठं अण्णा?"

"गोदूबाईकडं."

"मी जहीराबादला हाय की अण्णा. इथं शाळेत लागलाव. पंधरा दिवस झाले. तुमाला सांगून आलतो."

"काय सांगितलतास?"

पलीकडे थोडा वेळ मुलांचा गलका तेवढा ऐकू आला.

"येतो म्हणलो की."

"व्हय," अण्णा म्हणाले. "म्हणलास."

निर्मलाच्या परतीच्या बसने अण्णाही तिच्याबरोबर गेले. मी गेलो नाही. मला तालुका पंचायतीची बैठक होती. संध्याकाळी त्यांच्याकडून कळलं की पट्टी उघडल्यावर हाड दिसत होतं. नौबादहून नर्स आली, म्हातारीला बिदरला नेलं, परत आणलं. यानंतर अण्णा रोज स्वतः जात. जाताना एक बस, येताना एक बस, मध्ये पट्टी. म्हातारी त्यांच्याकडं बघत असे. तिन्ही भाषा येणारा माणूस तासभर गप्प बसून येई. बावीस दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय होतं, असंही झालं असतं. अण्णांनी ते ऐकून घेतलं. वहीत तिच्या नावापुढं त्यांनी काहीच लिहिलं नाही.

नौबादहून निरोप आला की येत नाहीत त्यांची नावं काढून खरी यादी पाठवा, म्हणजे नवी माणसं तयार करता येतील. सूचना रास्त होती. अण्णाही तसं म्हणाले. लाल पेनात नवी कांडी घातली. पण न विचारता नाव काढणं त्यांना जमेना. म्हणून त्यांनी सगळ्यांना फोन करायचं ठरवलं. एकच प्रश्न: येणार आहात की नाही, सरळ सांगा. नाही म्हणालात तरी राग नाही.

तीन दिवस ते फोन करत होते. बिदरला गेलेला, पुण्याला गेलेला, दुकान टाकलेला, सून बाळंतीण असलेली, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. "येतो की अण्णा." एक खतांचा दुकानदार रागावला, माझ्यावर विश्वास नाही का म्हणाला, आणि तोही येतो म्हणाला. शांतक्कांच्या सल्ल्याप्रमाणे अण्णांनी काहींच्या बायकांना विचारून बघितलं. "बायका बी येतेत म्हणायल्यात," ते मला म्हणाले.

मलाही फोन आला होता. मी एका पत्रकार परिषदेत होतो. हळू आवाजात मी म्हणालो, "येतो की अण्णा." त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

यादी जशीच्या तशी राहिली. प्रत्यक्षात सात माणसं येत होती. आणखी सात-आठ घरं होती जिथं कुणी जात नव्हतं. ती कोणती, हे अण्णांना माहीत होतं. जमेल तिथं ते स्वतः जात. एका माणसाला दिवसाकाठी दोनच घरं होतात, तिसऱ्या घराला बस नाही.

मग त्यांनी एक सवय लावून घेतली. कुणी उठताना येतो म्हणालं की ते विचारत, "कवा?"

आमच्याकडं निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारत नाहीत. कधी येणार, हे तर कुणीच विचारत नाही. येतो हा शब्द तारीख देण्यासाठी नसतोच. लोक उंबऱ्यात अडखळत, हसत, बघू म्हणत. अण्णा वही उघडून बसलेले असत. पोस्टमनलाही त्यांनी विचारलं. जावयाला विचारलं आणि लेक दोन महिने बोलली नाही. हळूहळू लोक त्यांच्या खोलीवर यायचे कमी झाले. आलेले न बोलता उठून जाऊ लागले. बसस्टँडवर ते दिसले की काही जण रस्त्याच्या पलीकडून चालत. मी त्यांना एकदा म्हणालो, लोकांना टोचतं हे. ते म्हणाले, "मला ठाव हाय. पर गोदूबाईनं इचारलं न्हाई, सुनेनं इचारलं न्हाई, मी इचारलं न्हाई. कुणीतरी इचाराय पायजे का न्हाई?"

पुढच्या वर्षी कलबुर्गीला समन्वयकांचा मेळावा होता. शून्य गळतीचा अनुभव सांगायला अण्णांना बोलावलं होतं. ते पिशवीत ढाल घेऊन गेले. मी बातमीसाठी गेलो होतो. त्यांनी कन्नडमध्ये सगळं सांगितलं: सुभाष, पाणी, पट्टी, बावीस दिवस. शेवटी ढाल टेबलावर ठेवली आणि परत घ्या म्हणाले.  सूत्रसंचालकांनी यावरून संवादाचं महत्त्व कळतं असं म्हटलं आणि फळ्यावर संवाद असा शब्द लिहिला. नंतर व्यासपीठावर कुजबूज झाली. दिलेली ढाल परत घ्यायची पद्धत त्यांच्याकडं नव्हती. आयोजक हात जोडून म्हणाले, राहू द्या, आठवण म्हणून. अण्णांनी ती उचलली नाही. सभा सुटली तेव्हा ती तिथंच होती. शांतक्कांनी ती आपल्या पिशवीत टाकली. "आळंदला भाकरीचं पीठ झाकाय होईल," त्या म्हणाल्या. अण्णा त्या दिवसात तेवढ्यापुरते हसले.

थंडीत ते बसस्टँडच्या पायरीवर घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठणं झालं नाही. घरी पत्नी कमलबाई एकट्या. प्रत्यक्ष येणारे ते सात स्वयंसेवक पाळी लावून येऊ लागले. पाळी अण्णांनीच लावली. पडल्या पडल्या वही छातीवर घेऊन ते येणाऱ्याची वेळ लिहीत, त्याच्याकडून कूस बदलून घेत आणि सुटण्याची वेळ लिहीत.

एका गुरुवारी मी बघायला गेलो. अर्धा तास बसलो. उठताना सवयीनं म्हणालो, "बरंय अण्णा, येतो."

"कवा?"

"मंगळवारी."

"किती वाजता?"

"दहाला."

त्यांनी लिहिलं. अक्षर तिरकं गेलं होतं.

मंगळवारी तहसील कार्यालयासमोर धरणं होतं, त्यात दुपार गेली. बुधवारी मला काही काम नव्हतं. गुरुवारी आणि शुक्रवारीही फारसं नव्हतं.

शनिवारी गेलो. कमलबाई दारातच म्हणाल्या की मंगळवारी सकाळी त्यांनी पलंगाजवळ खुर्ची लावून घेतली होती आणि ती हलवू दिली नव्हती. आत खुर्ची तिथंच होती. अण्णांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं. वही छातीवर होती. मंगळवारच्या ओळीत माझं नाव, पुढं शेऱ्यात निळ्या शाईत 'उशिरा'. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि येण्याच्या वेळेत शनिवार, बारा वीस असं लिहिलं.

"लागली," ते म्हणाले.

मी त्या दिवशी त्यांची कूस बदलली. कशी बदलायची ते त्यांनीच सांगितलं. कुठं धरायचं, केव्हा उचलायचं. आवाज बारीक झाला होता, मला वाकून ऐकावं लागलं.  एक वाजता मी उठलो. त्यांनी सुटण्याची वेळ लिहिली.

उंबऱ्यापाशी मी थांबलो. काहीतरी म्हणायला हवं होतं. जातो म्हणता येत नव्हतं, आणि दुसरा शब्द तोंडाशी येऊन तिथंच राहिला. मी मागं वळून बघितलं. अण्णा माझ्याकडंच बघत होते. वही उघडी होती आणि पेनाला टोपण त्यांनी अजून लावलेलं नव्हतं.